रुमालाखालचा भाव



केडगाव म्हटलं की बाहेरगावचे लोक हमखास विचारतात, म्हणजे दौंडजवळचं का, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं? तर ते वेगळं. आपलं केडगाव नगरचं, पुणे रस्त्यावरचं, रेणुकामातेचं. नवरात्रात देवीच्या वाटेवर नारळ, ओटीचं सामान, बांगड्या, खेळणी यांची दुकानं लागतात आणि त्याच दिवसांत आपल्या खिशातला फोनही वाजायला लागतो. महाबचत, सणांचा धमाका, शेवटचे चार तास. संयोजकांनी आम्हाला सांगितलं की या सेलमध्ये माणसाच्या मनाशी जे खेळ खेळतात, त्यातून कसं सुटावं यावर बोला. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. बाजारहाटातलं आमचं मत घरात कोणी विचारात घेत नाही. म्हणून विषय आम्ही आमच्या सोयीनं थोडा वळवून घेतला आहे. सुटावं कसं हे सांगण्याआधी ही दोरी वळली कशी ते बघू. भाव कसा लपवला जात होता, तो उघडा कसा झाला आणि उघडा झाल्यावर त्याचं काय झालं, एवढाच आजचा इतिहास.

सुरुवात आमच्याच फजितीनं करू. गेल्या दिवाळीच्या आधी नातवाच्या मदतीनं आम्ही एका संकेतस्थळावर भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. नाव सांगत नाही, सगळीकडे तेच चालतं. २,४९९ ही किंमत खोडलेली, खाली ८९९, त्याखाली लाल अक्षरांत 'फक्त ३ शिल्लक' आणि शेजारी उलटे पळणारे सेकंद. घरात दोन घड्याळं चालू स्थितीत होती. तरी अकरा मिनिटांत आम्ही ते घेतलं. चार दिवसांनी सहज पुन्हा पाहिलं, तर 'फक्त ३ शिल्लक'. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही घेतलेलं त्यांनी मोजलंच नाही वाटतं."

गंमत अशी की हाच प्रसंग आम्ही वर्गात दरवर्षी शिकवत असू, फक्त घड्याळाच्या जागी धान्य होतं. रोमन विचारवंत सिसेरो यानं इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात ही गोष्ट येते. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं गलबत घेऊन तिथं पोहोचतो. वाटेत त्यानं पाहिलेलं असतं की मागून आणखी गलबतं धान्य घेऊन येताहेत. बेटावरच्या लोकांना हे ठाऊक नाही. त्यानं ते सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरो दोन स्टोइक आचार्यांना समोरासमोर उभं करतो. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, मालातला दोष कायद्यानं सांगायला लावला आहे तेवढा सांग, खोटं बोलू नकोस. बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं होत नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळल्यानं फरक पडेल ते सगळं सांग. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूनं आहे. आमचे विद्यार्थी विचारत, सर, यात एवढं वाद घालण्यासारखं काय आहे? आता बघा. ऱ्होड्सचा व्यापारी निदान गप्प होता. आमच्या घड्याळवाल्यानं मागची गलबतं झाकली आणि वर 'हे शेवटचंच' अशी पाटीही लावली. डायोजेनिसनंसुद्धा त्याची बाजू घेतली नसती.

हे फोनमुळे झालं असं मात्र समजू नका. जनावरांचे बाजार ज्यांनी पाहिलेत, आपल्या जिल्ह्यात काष्टी आहे, घोडेगाव आहे, त्यांना रुमाल आठवेल. दोघांनी हातात हात घ्यायचा, वरून उपरणं नाही तर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं नुसतं 'हं', 'छे छे', 'अजून बघा'. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी एकाला पत्ता नाही. बैलाच्या व्यवहारात निदान मालकाचा स्वतःचा हात रुमालाखाली असे. शेतमालाच्या बाजारात मात्र हीच रीत 'हत्ता' या नावानं चाले आणि तिथं बोटं असत अडत्याची आणि खरेदीदाराची. ज्यानं माल पिकवला तो शेतकरी बाजूला उभा. त्याच्यापर्यंत येई तो शेवटचा आकडा, आणि तोही अडत्या सांगेल तो.

कापडाच्या पेढीवर रुमालाची गरज नव्हती, तिथं भाषाच वेगळी होती. व्यापाऱ्यांच्या या सांकेतिक बोलीला नंदभाषा म्हणत. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही तिची नोंद आहे. तीत मुळू म्हणजे पाच, शेली म्हणजे सहा, पवित्र म्हणजे सात. गिऱ्हाइकासमोर मालक गुमास्त्याला 'शेली' म्हणाला, की गिऱ्हाइकाला वाटायचं चालली आहे काहीतरी घरगुती गोष्ट. म्हणून जुन्या घासाघिशीबद्दल आपण हळहळून बोलतो, काय तो मोकळा बाजार, काय ती माणुसकी, तेव्हा आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. गोडवा होता, चहा होता, 'ताई, तुमच्यासाठी म्हणून' होतं. पण एकाला खालचा भाव माहीत आणि दुसऱ्याला नाही, ही मांडणी तेव्हाही होती.

रुमाल उचलायला कायद्याला बराच काळ लागला. वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा आला आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा. भाव उघड लिलावात ठरला पाहिजे, हे या सगळ्याचं सार. आपल्या शेजारी नेप्तीला कांद्याचा लिलाव होतो. तिथं शेतकऱ्याचं सगळं भलं होतं असं म्हणायला आम्ही धजणार नाही. कांद्याचा भाव काय करतो ते तुम्ही आमच्याहून जास्त जाणता. पण आकडा मोठ्यानं पुकारला जातो, शेजारच्या ढिगाला काय मिळालं ते कानावर पडतं. एवढ्यासाठी दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत.

गिऱ्हाइकाच्या बाजूला हेच काम 'एकच भाव' या पाटीनं केलं. युरोपात क्वेकर पंथाचे दुकानदार सतराव्या शतकापासून एकच भाव सांगत, कारण दोन भाव सांगणं म्हणजे एकदा खोटं बोलणं, अशी त्यांची धर्मबुद्धी. पॅरिसमध्ये १८५२ पासून बूसिको यानं 'बाँ मार्शे' हे दुकान याच रीतीवर वाढवलं. त्याची बुद्धी धर्माची होती की धंद्याची, हा वेगळा प्रश्न. लहान मूल पाठवलं तरी त्याला तोच भाव, ही या पाटीमागची गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. पण पाटीवर आकडा लिहिला गेला आणि नवीनच गोष्ट सुरू झाली. आधी आकडा लपवण्यात कसब होतं. आता तो दाखवण्यात आलं.

इथं थोडं आमचं बालपण सांगायला हवं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आम्ही नुकतेच शाळेत जाऊ लागलो होतो. घरातली मोठी माणसं मात्र आण्यांतच राहत. रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. त्यामुळे प्रत्येक हिशोबात पाव-अर्धा पैसा कुठंतरी अडकायचा आणि आई म्हणायची, तो दुकानदाराकडेच कसा अडकतो? तिचं शिक्षण चौथीपर्यंत. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ. दिवाळीच्या आधी नगरच्या कापडबाजारात ती आम्हाला घेऊन जायची. भाव तिच्या डोक्यात चार-चार आण्यांच्या पायऱ्यांनी चढे. पंधरा आणे म्हटलं की तिला रुपयाच ऐकू येई. 'रुपयाच म्हणा की सरळ,' असं ती तोंडावर म्हणत असे.

पुढं शंभर पैशांचा रुपया रुळला आणि ४९ रुपये ९५ पैसे असल्या किमती दिसू लागल्या. अशा किमतीला 'बाटाचा भाव' हा शब्दच आपल्याकडे पडला. बाटा ही चेक प्रदेशातल्या झ्लीन गावची कंपनी, भारतात आली १९३१ मध्ये. तिकडे चेक भाषेतही नऊनं संपणाऱ्या किमतीला तिच्याच नावानं ओळखतात. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पैसे गेले, नव्याण्णव मात्र राहिलं. ते रुपयांत येऊन बसलं.

हे नव्याण्णव काम कसं करतं? मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ या दोघांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की २.९९ आणि ३.०० यांतलं अंतर माणसाला आहे त्यापेक्षा मोठं वाटतं, पण ३.५९ आणि ३.६० यांतलं तसं वाटत नाही. फरक दोन्हीकडे एकाच सेंटचा. पहिल्या जोडीत डावीकडचा आकडा बदलतो, दुसरीत बदलत नाही. आपला डोळा डावीकडून निघतो आणि पहिल्याच आकड्यावर मन ठरतं.

पण ही डोळ्याची गोष्ट झाली. कानाची काय? मराठीत ४९ ला आपण काय म्हणतो? एकोणपन्नास. फोड करा: एक, ऊन, पन्नास. ऊन म्हणजे उणा. एक उणा पन्नास. डोळ्याला दिसतो चार, कानाला ऐकू येतं पन्नास. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, सगळीकडे भाषा आपल्याला पुढचा मोठा आकडा आधीच सांगून टाकते. आईचं 'रुपयाच म्हणा की' आणि ही शब्दरचना, दोन्हींची बुद्धी एकच आहे. यावर कोणी प्रयोग करावा असं आम्हाला फार वाटतं.

आणि आता दैवदुर्विलास पाहा. एकोणनव्वदपर्यंत ही शिस्त नीट चालते आणि नेमकी नव्याण्णवला मोडते! एकोणशंभर म्हणायला हवं होतं. पण संस्कृतातल्या 'नवनवति'वरून आपण नव्याण्णव घेतलं आणि शंभर झाकलं गेलं. जणू पुढच्या काळातल्या दुकानदारांनी आधीच येऊन ही फट ठेवून घेतली होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसला 'वीस दोन' म्हणण्याची रीत आली, तेव्हा केवढा वाद झाला तुम्हाला आठवत असेल. लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, हे मंगला नारळीकरांचं म्हणणं मुलांपुरतं आम्हाला पटलं होतं. पण एकोणपन्नासचं 'चाळीस नऊ' झालं की त्यातलं पन्नास पळून जातं, एवढंच आमचं दुःख.

तेव्हा पहिली युक्ती आम्ही सांगतो ती पुस्तकातली नाही, तोंडची आहे. किंमत वाचू नका, मोठ्यानं म्हणा, आणि नव्याण्णव आलं की एकोणशंभर म्हणा. ८९९ म्हणजे आठशे एकोणशंभर. म्हणून बघा, जीभच तुम्हाला नऊशेवर नेऊन सोडते. घरातले हसतील. आमच्याकडे हसतात.

आता त्या खोडलेल्या २,४९९ कडे येऊ, कारण आमच्या मते खरा डाव तिथं आहे. भावाला राज्यानं वरची मर्यादा घालावी हा विचार जुना. कौटिल्यानं अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा व्यापाऱ्याला ठरवून दिला आहे. आपल्याकडे पाकीटबंद मालाचे नियम १९७७ मध्ये आले, आणि १९९० च्या दुरुस्तीनं सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणं आलं, ज्याला आपण एमआरपी म्हणतो. त्याआधी पाकिटावर 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिलेलं असे आणि ते स्थानिक कर किती, हे दुकानदार त्या दिवशीच्या मूडप्रमाणे सांगे. छापील किमतीनं खेड्यातल्या, अडलेल्या, कमी शिकलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात एक आधार दिला. पाकीट उलटं करून 'हे बघा, इथं काय लिहिलंय' असं म्हणण्याचा अधिकार ही साधी गोष्ट नाही.

पण कमाल किंमत ठरवतो कोण? बहुतेक मालाची उत्पादकच ठरवतो. मग ती उंच छापा आणि खोडा. जो आकडा 'याच्या वर जाऊ नका' म्हणून आला होता, तोच 'इथून खाली किती आलो बघा' म्हणून कामाला लागला. १९७४ मध्ये ट्वेर्स्की आणि काहनेमन यांनी एक प्रयोग मांडला. नशिबाचं चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० वर किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश शेकडा किती? ज्यांच्यापुढं १० आलं त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांच्यापुढं ६५ आलं त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तरी पहिला आकडा मनात खुंटी ठोकून गेला. आमच्या घड्याळाला २,४९९ रुपये कोणी कधी मोजले असतील का? पण 'सोळाशे वाचले' हे आम्ही घरात दोन दिवस सांगत होतो. खिशातून आठशे एकोणशंभर गेले होते, आणि आम्ही न खर्चलेल्या पैशांचं कौतुक करत होतो! खोडलेली किंमत अंगठ्यानं झाकून उरलेल्या आकड्याला ही वस्तू हवी आहे का, एवढं विचारावं. 'सत्तर टक्क्यांपर्यंत' या शब्दातल्या 'पर्यंत'कडेही जरा बघावं.

हे सगळं एका घड्याळापुरतं असतं तर आम्ही तुमची संध्याकाळ घेतली नसती. सणाचे सेल नेमके तेव्हा येतात जेव्हा कामगाराच्या हातात बोनस येतो. कायद्यानं किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, जणू तेरावा महिना. आमचा एक जुना विद्यार्थी एमआयडीसीत काम करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्यानं टीव्ही घेतला, बेचाळीस हजार नऊशे नव्याण्णवचा, 'बिनव्याजी' बारा हप्त्यांवर. बोनस फराळ, कपडे आणि भाऊबिजेत गेला. जूनमध्ये मुलीच्या डिप्लोमाची फी आली, तेव्हा हप्ते चालूच होते. तो आमच्याकडे आला. पैसे मागायला नाही, पावती घेऊन, हिशोब समजून घ्यायला. "सर, बिनव्याजी होतं ना?" पावती आणि त्या दिवशीची जाहिरात शेजारी ठेवून बसलो. तोच टीव्ही त्याच दुकानात रोखीनं साडेएकोणचाळीस हजारांना होता. हप्ता घेतला की ती सूट नाही. वर फाइल चार्ज. वर वाढीव वॉरंटी, जिच्यावर खूण आधीच केलेली होती. व्याज होतंच, त्यानं नाव बदललं होतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. ऋण काढून सण करू नये हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे ऋण आहे.

मुलीची फी त्यानं भरली, बायकोची बांगडी ठेवून. ती सोडवून आणली हे सांगायला तो परवा आला होता.

पूर्वी मुहूर्तही घाई करत असेच की, असं कोणी म्हणेल. साडेतीन मुहूर्तांना सोनं घ्यायची गर्दी होतेच. पण दसरा कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. त्यासाठी भिशी लावता येते. 'दोन तास सतरा मिनिटं' असा मुहूर्त कुठल्या पंचांगात मिळणार?

या घाईवर सर्वांत चांगला उतारा आपल्याच राज्यात शोधला गेला. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसं त्यात होती. टंचाईचे, भेसळीचे, साठेबाजीचे दिवस होते ते. त्यांची सामुदायिक वितरणाची रीत अगदी साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांचा गट करायचा, पुढच्या महिन्याला काय लागेल ते घरी बसून यादीवर लिहायचं, सगळ्यांची मागणी एकत्र करून घाऊक माल घ्यायचा आणि सभासदांनीच वाटायचा. यात स्वस्ताई होती ती होतीच. पण आम्हाला दिसतं ते वेगळं: गरज आधी लिहिली जाते आणि माल नंतर दिसतो. सेलमध्ये नेमकं उलटं होतं. आधी वस्तू दिसते, मग आपण तिच्यासाठी गरज शोधतो. आमच्या भिंतीवर तिसरं घड्याळ असंच आलं. आता आमच्या घरी दसऱ्याच्या आधी शिसपेन्सिलीनं यादी होते, आणि यादीत नसलेली वस्तू फोनवर आवडलीच तर ती रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी बघायचं, असा नातवाचा नियम आहे. आमच्यासाठी केलेला.

कायदाही मागे नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा. आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार त्यात नावानिशी सांगितले आहेत. खोटी घाई हा त्यातला एक. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा दुसरा. किंमत थेंबाथेंबानं वाढवत नेणं हा आणखी एक. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार करता येते. 'फक्त ३ शिल्लक'ला सरकारी कागदात नाव मिळालं, याचं आम्हाला सिसेरोमुळे जरा जास्तच समाधान वाटलं. आमच्या विद्यार्थ्याच्या पावतीवरची ती आधीच केलेली खूण मात्र दुकानातल्या कागदावर होती, पडद्यावर नाही. तिच्यासाठी अजून माणसालाच बोट ठेवून विचारावं लागतं.

वेळ झाली आहे, प्रश्न आपण बाहेर चहाबरोबर घेऊ. आणि हो, नेप्तीला लिलावाच्या दिवशी आम्ही अधूनमधून सकाळी जाऊन बसतो. कांदे घ्यायचे नसतात, नुसतं ऐकायला. कोणाला यायचं असेल तर सांगा, रिक्षात दोघांची जागा आहे.